विटा, चुना आणि भाडे : लाहोरच्या वझीर खान मशिदीची गोष्ट

जुनी इमारत पाहायला गेले की ती कोणी बांधली, कधी बांधली आणि किती खर्च आला, हे प्रश्न आपण हमखास विचारतो. बांधून झाल्यावर तिची निगा राखायला पैसे कोठून येणार होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. दिवाबत्ती, झाडलोट, इमामाचा पगार, गळणारे छत, सुटणारा गिलावा हे दरवर्षीचे खर्च. बांधणारा तर आज ना उद्या जाणारच. शाळेच्या नव्या खोलीला निधी मिळतो आणि जुन्या खोलीच्या फुटलेल्या कौलांना मिळत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक असेलच.

लाहोरच्या वझीर खान मशिदीपुरते या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवलेले आहे. मशिदीच्या संस्थापकाने १६४१ मध्ये वक्फनामा, म्हणजे दानपत्र, केले. मशिदीच्या भोवतालची दुकाने आणि जवळचे हम्माम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, यांचे उत्पन्न त्याने मशिदीला कायमचे लावून दिले. मोगल काळातील सर्वांत रंगीबेरंगी मशीद म्हणून हिची ख्याती आहे आणि ती रास्तच आहे. पण आम्हांला तिच्या रंगांइतकीच ही पैशांची व्यवस्थाही विचार करण्याजोगी वाटते. पुढे दिसेल की या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे.

हकीम आणि त्याचे शहर

संस्थापकाचे नाव हकीम इल्मुद्दीन अन्सारी. चिनाब नदीकाठच्या चिनिओटचा हा माणूस व्यवसायाने वैद्य होता. वैद्यकीच्या बळावर तो दरबारात शिरला, चढत गेला आणि शहाजहानच्या कारकिर्दीत पंजाबचा सुभेदार झाला. ‘वझीर खान’ हा त्याला मिळालेला किताब. पंजाबातील वझीराबाद हे गावही त्यानेच वसवले.

लाहोर त्या वेळी साम्राज्यातील पहिल्या दोन-तीन शहरांपैकी एक होते. अकबराने १५८५ पासून १५९८ पर्यंत येथूनच राज्यकारभार केला होता आणि खुद्द शहाजहानचा जन्म १५९२ मध्ये लाहोरलाच झाला होता. दिल्लीकडून येणारा बादशहा तटबंदीच्या दिल्ली दरवाजातून शहरात शिरे आणि एका ठरलेल्या रस्त्याने किल्ल्याकडे जाई. या रस्त्याला आजही ‘शाही गुजरगाह’ म्हणतात. वझीर खानाने मशिदीसाठी जागा निवडली ती याच रस्त्यावर, दरवाजापासून हाकेच्या अंतरावर. येताजाता बादशहाच्या नजरेस पडावे हा हेतू त्यात नव्हता असे कोण म्हणेल? पण ज्या रस्त्याने बादशहा जातो त्याच रस्त्याने गिऱ्हाईकही जाते, हेही त्याने हेरले असणार.

बांधकामाचे वर्ष हिजरी १०४४ मानले जाते. इसवी सनात ते १६३४-३५ असे जोडवर्ष होते. हिजरी वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे ते आपल्या जानेवारीत सुरू होईल असा नेम नसतो आणि एक हिजरी वर्ष बहुधा दोन इसवी वर्षांत विभागले जाते. इतिहासाच्या पुस्तकांत मोगल इमारतींच्या तारखा अशा जोडून का दिसतात, याचे कारण हे.

बाजारातून मशिदीत

मशिदीची मांडणी समजून घेण्यासाठी मनाने पूर्वेकडून आत जाऊ. आधी लागतो एक मोकळा चौक. चौकाच्या पश्चिमेला उंच प्रवेशद्वार. भिंतीत खोल घेतलेली, वरून कमानीने मिटलेली जी मोठी खोबण दिसते तिला ‘इवान’ म्हणतात. ही इराणकडून आलेली रचना. दारातून आत गेल्यावर आपण लगेच मशिदीत पोहोचत नाही. आधी येते घुमटाने झाकलेली एक अष्टकोनी देवडी. तिच्या डाव्या-उजव्या हातांना दुकानांच्या ओळी पसरलेल्या. समोर गेले तर मशीद आणि बाजूला वळले तर बाजार, असा हा चौरस्ता आहे. मध्य आशियातील शहरांत दोन बाजाररस्ते जेथे छेदतात तेथे असे घुमटाखालचे चौक असत. भारतीय उपखंडात ती कल्पना मशिदीच्या दारात आणून बसवल्याचे हे पहिले उदाहरण मानतात.

हा बाजार सुलेखनकारांचा आणि पुस्तके बांधणाऱ्यांचा. छापखान्यापूर्वीचा काळ. पुस्तक म्हणजे हाताने लिहिलेली प्रत. ती लिहिणारा कातिब, पाने शिवून पुठ्ठा घालणारा जिल्दसाज, कागद आणि शाई विकणारा, असे सगळे एका जागी. आत शिकणारे आणि शिकवणारे, बाहेर पुस्तकांची दुकाने. भाडेकरू निवडताना वझीर खानाने डोके वापरले होते, असे आम्हांला वाटते.

देवडी ओलांडली की विटांच्या फरसबंदीचे लांबट अंगण. एकूण मशीद सुमारे २७९ फूट लांब आणि १५९ फूट रुंद आहे. अंगणाच्या दोन्ही बाजूंना मिळून ३२ हुजरे, म्हणजे छोट्या खोल्या. मध्ये वजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी, ३५ फूट बाजूचा चौरस हौद. अंगणाच्या चारही कोपऱ्यांवर अष्टकोनी मिनार असून त्यांची उंची १०७ फूट आहे. चार कोपऱ्यांत चार मिनार ही रचना लाहोरच्या मशिदींत येथे प्रथम दिसते. अंगणाखाली एक कबरही आहे. तुघलकांच्या काळातील सूफी सय्यद मुहम्मद इसहाक गाझरूनी, ज्यांना लोक मीरान बादशहा म्हणतात, त्यांची ती कबर. म्हणजे जागा रिकामी नव्हती. आधीच्या काळातील श्रद्धास्थान पोटात घेऊन मशीद बांधली गेली.

पश्चिमेला नमाजाचा दिवाणखाना. साधारण १३० फूट लांब आणि ४२ फूट रुंद अशा या दालनाचे ओळीने पाच भाग आहेत आणि प्रत्येकावर एक घुमट. मधला सर्वांत मोठा. ही पाच घुमटांची एकेरी ओळ लाहोरनेच आधी पाहिली होती, १६१४ च्या मरियम जमानी बेगमेच्या मशिदीत.

दालन पश्चिमेला का, हे विद्यार्थी विचारतातच. नमाज मक्केच्या दिशेने पढतात आणि मक्का आपल्या पश्चिमेला, हे नेहमीचे उत्तर. ते ढोबळमानाने बरोबर आहे, पण त्यात एक गंमत आहे. पृथ्वीगोल घ्या आणि लाहोर ते मक्का असा दोरा ताणून धरा. दोरा सर्वांत जवळचा मार्ग दाखवतो. लाहोरपाशी तो नेमक्या पश्चिमेला न जाता सुमारे १० अंश दक्षिणेकडे झुकतो. आता तोच दोरा नागपूरहून ताणा. नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे २१ अंशांच्या आसपास आहेत. तेव्हा दोरा सरळ पश्चिमेला जाईल अशी अपेक्षा. प्रत्यक्षात तो ८ अंश उत्तरेकडे झुकून निघतो! अक्षांशाचे वर्तुळ हा गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता नव्हे, हे वर्गात याहून सोप्या रीतीने दाखवता येईल असे वाटत नाही. किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची, आकडेमोड हा मध्ययुगीन अरबी गणितज्ञांचा आवडीचा विषय होता आणि गोलीय त्रिकोणमिती त्यातून बरीच पुढे सरकली.

दगड नाही म्हणून रंग

दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री येथील मोगल इमारती डोळ्यांपुढे आणा. लाल वालुकाश्म आणि पांढरा संगमरवर. लाहोर मात्र नद्यांनी आणलेल्या गाळाच्या मैदानात वसले आहे. जवळपास बांधकामाचा दगड नाही. दगड आणायचा तर दुरून आणि मोठ्या खर्चाने. औरंगजेबाच्या काळातील बादशाही मशिदीसाठी तो आणला गेला, पण ते काम बादशहाच्या नावाने होते. सुभेदाराला गाळाची माती भाजून विटा करणेच परवडणारे. वझीर खान मशीद ही विटांची इमारत आहे. विटेला स्वतःचा डौल बेताचाच. म्हणून तिच्यावर रंग चढवला.

हा रंग दोन प्रकारचा आहे. बाहेरच्या भिंतींवर, प्रवेशद्वारावर आणि मिनारांवर आहे काशीकारी. हा शब्द इराणातील काशान शहरावरून आला. आपल्याकडे रंगीत फरशी म्हटली की एका चौकोनावर छापलेले किंवा रंगवलेले फूल डोळ्यांपुढे येते. येथे तसे नाही. येथे फुलाची प्रत्येक पाकळी, देठ आणि पान हा वेगळा तुकडा आहे, आणि मधली निळी किंवा पिवळी जमीनही तुकड्यातुकड्यांची.

काम असे चाले. गारगोटीच्या बारीक पुडीत थोडी काचेची पूड मिसळून त्याच्या वड्या किंवा पत्रे करत. त्यावर काचेसारखी झिलई चढवून भट्टीत भाजत. झिलईसाठी वाळू आणि खार लागतो. पंजाबच्या कोरड्या भागात वाढणाऱ्या क्षारयुक्त झुडपांची राख, म्हणजे साजीखार, त्यासाठी वापरला जाई. रंग येई तो धातूंच्या संयुगांमुळे. कोबाल्टमुळे गडद निळा, म्हणजे लाजवर्दी. तांब्यामुळे फिरोजी. मँगेनीजमुळे जांभळा. पिवळा रंग शिसे आणि कथील यांच्या संयुगाचा, आणि पिवळ्याशी तांबे जोडले की हिरवा. एकाच तांब्याने खारयुक्त काचेत फिरोजी आणि शिसेयुक्त काचेत हिरवी छटा येते. धातूभोवतीचे शेजारी बदलले की रंग बदलतो, हे त्या कारागिरांना रसायनशास्त्राच्या परिभाषेवाचून चांगले ठाऊक होते.

मग सगळे रंग एकाच फरशीवर का भरले नाहीत? कारण भट्टीत झिलई वितळते आणि शेजारचे रंग एकमेकांत पाझरतात. शिवाय प्रत्येक रंगाला मानवणारी आच वेगळी. तेव्हा एका पत्र्यावर एकच रंग, त्याला हवी तेवढीच आच, असा नियम. भाजून झालेले पत्रे आकारानुसार कापायचे, कानशीने घासायचे आणि कागदावरील नक्षीवर जुळवायचे. पाठीमागून चुन्याचा थर दिला की सारे एकत्र बसे आणि मग ते भिंतीतील चौकटीत बसवत. काठ इतके नेटके घासलेले असत की दोन तुकड्यांमधली फट चटकन दिसत नाही. या पद्धतीत कष्ट किती, याचा अंदाज वेगवेगळ्या रंगांच्या कार्डशीटमधून एखादे कमळ कापून जुळवायला मुलांना सांगितले तर येईल.

दुसरा प्रकार आतल्या भिंतींवर आणि घुमटांखाली आहे. ती नक्काशी, म्हणजे ओल्या चुन्यावरील चित्रकाम. भिंतीवर चुन्याचा बारीक गिलावा करायचा आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले खनिज रंग लावायचे. ना डिंक, ना सरस. तरी रंग चारशे वर्षे टिकतात ते कसे? चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून ती दुधाळ करण्याचा प्रयोग आपण सारेच करतो. फुंकरीतील कार्बन डायऑक्साइडशी चुन्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. भिंतीवर नेमके हेच घडते, फक्त सावकाश आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने. गिलावा सुकताना विरलेला चुना पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतो, हवेशी संयोग पावतो आणि रंगाचे कण कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ स्फटिकी थरात अडकतात. रंग भिंतीवर राहत नाही, भिंतीचा होतो. मात्र गिलावा ओला आहे तोवरच हात चालवायचा. रोज जितके रंगवून होईल तितकाच गिलावा करायचा. चूक झाली तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

यातच एक तिसरा, जरा मिश्किल प्रकार आहे. त्याला ताजाकारी म्हणतात. विटांच्या भिंतीवर गिलावा करायचा आणि त्या गिलाव्यावर रंगाने पुन्हा विटा काढायच्या! खऱ्या विटा उन्नीस-बीस असतात, सांधे वाकडेतिकडे असतात. रंगवलेल्या विटा मात्र एका मापाच्या आणि सांधे पट्टी लावल्यासारखे. गिलाव्यामुळे पाऊसपाण्यापासून रक्षण होते ते वेगळेच.

हम्मामची कमाई

भाड्याकडे परत येऊ. मशिदीपासून जवळच, दिल्ली दरवाजाला लागून, वझीर खानाने १६३५ च्या सुमारास शाही हम्माम बांधले. एकमेकांत उघडणाऱ्या २१ खोल्या, काही थंड, काही कोमट, काही गरम. गरम भागात जमिनीखालून भट्टीची उष्ण हवा फिरवण्याची सोय. दूरवरून धुळीने माखून शहरात शिरणाऱ्या प्रवाशाला दारातच अंघोळ मिळावी आणि त्याचे पैसे मशिदीच्या देखभालीस जावेत, अशी ही योजना. मशीद, बाजार आणि स्नानगृह ही तीन वेगळी बांधकामे नव्हेत, एकाच हिशेबाच्या तीन बाजू आहेत. चित्रे पुन्हा रंगवायची, सुटलेले काशीचे तुकडे पुन्हा बसवायचे, म्हणजे नक्काश आणि काशीकार यांना दर पिढीत काम मिळायला हवे. काम असेल तर मुलगा बापाकडून शिकेल. दानपत्र इमारतीला पैसे देत होते आणि त्या वाटेने हुन्नरालाही.

ही साखळी अठराव्या शतकात ढिली झाली. मोगल सत्ता खचली आणि पंजाब अफगाण, मराठे, शीख यांच्या लढायांत सापडला. १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजा लाहोरात आल्या तेव्हा मशीद सव्वाशे वर्षांच्या आसपासची होती. बडे आश्रयदाते गेले, भट्ट्या विझल्या. मुलतानकडे निळ्या-पांढऱ्या रंगवलेल्या फरशांची परंपरा टिकली, पण लाहोरचे तुकड्यांचे काशीकाम जवळपास थांबले. चुन्यावरच्या चित्रकामाचे जाणकार थोडेबहुत उरले होते.

या पडत्या काळात मशिदीला एक अनपेक्षित चाहता मिळाला. जॉन लॉकवुड किपलिंग, म्हणजे ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रडयार्डचे वडील. १८६५ पासून दहा वर्षे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. १८७५ मध्ये लाहोरला मेयो कलाशाळा निघाली, तिचे ते पहिले प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांना ते वझीर खान मशिदीच्या नक्षीच्या प्रती करायला लावत. ही इमारत स्वतःच एक कलाशाळा आहे, पण तिच्या निगेकडे वर्षागणिक दुर्लक्ष होत आहे, अशा अर्थाचे त्यांनी १८८० च्या दशकात लिहून ठेवले. परकीय सत्तेच्या कलाशाळांनी येथील कारागिरीचे भले किती केले आणि नुकसान किती, यावर पुष्कळ वाद घालता येईल. पण पुतळ्यांच्या साच्यांऐवजी गावातील जिवंत भिंतीसमोर विद्यार्थ्याला बसवणे, ही शिक्षक म्हणून केलेली निवड आम्हांला पटते. ती शाळा आज नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स या नावाने लाहोरमध्ये चालू आहे.

मीठ, सिमेंट आणि दुकाने

काशीचे तुकडे पडतात ते का? वीट ही सच्छिद्र असते. जमिनीतील ओल केशाकर्षणाने तिच्यात वर चढते, येताना क्षार घेऊन येते. पाणी बाहेर पडून सुकते तेथे क्षारांचे स्फटिक होतात आणि फुगताना आजूबाजूचा गिलावा फोडतात. घराच्या भिंतीला खालच्या बाजूने येणारा ‘लोणा’ तो हाच. साध्या गिलाव्यातून ओल निदान बाहेर पडते. काचेच्या झिलईतून ती पडू शकत नाही, मग तुकड्याच्या मागे साचते आणि त्याला मागून ढकलते. उन्हात झिलई आणि तिच्याखालचा थर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्याने केसासारख्या भेगा पडतात ते निराळेच. विसाव्या शतकात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला सर्रास सिमेंट वापरले जाऊ लागले आणि या दुखण्यात भर पडली. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि कमी सच्छिद्र. ते ओलीची वाट बंद करते आणि ओल जुन्या, मऊ भागातून वाट काढते.

लाहोरची जमीनही चढत गेली. रस्त्यावर रस्ता घालता घालता मशिदीपुढच्या चौकाची पातळी काही फूट वर आली आणि पाणी इमारतीच्या अंगावर वळले. मशीद १९९३ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. प्रत्यक्ष मोठे काम २०१० च्या दशकात झाले. चौक खणून जुन्या पातळीला नेला. हम्मामची दुरुस्ती २०१३ ते २०१५ मध्ये झाली. त्याच्या खोल्यांत मधल्या काळात मुलांची प्राथमिक शाळाही भरून गेली होती, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला हवे. फरशी उकलल्यावर खालचे पाण्याचे आणि उष्ण हवेचे मार्ग पुन्हा दृष्टीस पडले. या कामाला २०१६ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

या कामात एक गोष्ट अटळ होती. हम्मामच्या आणि मशिदीच्या भिंतींना बाहेरून चिकटलेली दुकाने हटवावी लागली. दुकानांच्या उत्पन्नावर जगण्यासाठी बांधलेली ही वास्तू, आणि तिला वाचवायला दुकानेच उठवायची! पण दोन्हींत फरक आहे. वझीर खानाची दुकाने नकाशात होती आणि त्यांचे भाडे मशिदीकडे जात होते. नंतरची दुकाने भिंतीवर टेकली, भिंतीला काही देत नव्हती.

उरला वाद रिकाम्या जागांचा. काशीचे जे तुकडे गळून गेले तेथे नवे करून बसवावेत का? एक मत असे की नवे बसवले तर जुने कोणते हे पुढच्या पिढीला कळणार नाही, म्हणून पोकळी साध्या गिलाव्याने भरून सोडावी. दुसरे मत असे की नक्षी पुनरावृत्तीवर चालते, अर्धे फूल सोडणे म्हणजे वाक्य अर्ध्यात तोडणे, आणि मूळ कारागिरांच्या वारसांनीही नवेच बसवले असते. आम्ही दुसऱ्या मताकडे झुकतो, पण एका अटीवर. नवा तुकडा त्याच पद्धतीने, गारगोटीच्या पुडीपासून आणि एकेका रंगाच्या भट्टीतून केलेला हवा. बाजारातील फरशी कापून चिकटवली तर भोक बुजेल, पण भट्टी लावणारा, कानस धरणारा आणि आच ओळखणारा माणूस तयार होणार नाही. दानपत्राने मशिदीसाठी जे राखून ठेवले होते त्यात तो माणूसही होता.